अमेरिकेत नोकरी गेली की भत्ता मिळतो, पण तो वाटणाऱ्या ऑफिसचा खर्च कोण उचलतं?

एप्रिल २०२० चा पहिला आठवडा. कोरोनामुळे अमेरिकेत सगळं बंद. न्यू जर्सी राज्याचे गव्हर्नर फिल मर्फी नेहमीप्रमाणे पत्रकारांसमोर आले. डॉक्टर हवेत, नर्स हवेत, हे सांगून झालं. मग त्यांनी आणखी एका प्रकारच्या स्वयंसेवकांची मागणी केली. कोबोल येणारे प्रोग्रॅमर.

कोबोल ही १९५९ सालची कॉम्प्युटरची भाषा. ज्यांनी ती नोकरीत वापरली त्यातले बरेच जण आता नातवंडं सांभाळतायत. पण न्यू जर्सीत ज्यांची नोकरी जाते त्यांना भत्ता देणारी सरकारी सिस्टिम याच भाषेवर चालत होती आणि ती चाळीस वर्षांहून जुनी होती. एरवी कशीबशी चालायची. मार्चमध्ये मात्र तिच्यावर डोंगर कोसळला.

डोंगर म्हणजे किती? कोरोनाच्या आधी अख्ख्या अमेरिकेत आठवड्याला बेरोजगारी भत्त्याचे साधारण सव्वादोन लाख नवे अर्ज यायचे. २१ मार्चला संपलेल्या आठवड्यात त्या वेळी जाहीर झालेला आकडा होता ३२ लाख ८३ हजार. पुढच्या आठवड्यात ६६ लाख ४८ हजार. फोन लागेनात, वेबसाइट उघडेनात. फ्लोरिडात तर शेवटी कागदी फॉर्म वाटायची वेळ आली आणि ते घ्यायला लोकांनी लायब्ररीबाहेर रांगा लावल्या. सरकार एकीकडे सांगतंय घरात बसा, आणि दुसरीकडे फॉर्मसाठी रांग!

त्यातून प्रश्न पडला तो साधा. जगातली सगळ्यात श्रीमंत अर्थव्यवस्था, गुगल आणि ॲपलचा देश. त्यांच्या बेरोजगारी भत्त्याच्या ऑफिसात चाळीस वर्षं जुनं मशीन का?

कोणीतरी आळशीपणा केला, हे सोपं उत्तर झालं. खरं उत्तर त्या ऑफिसचं लाइट बिल आणि पगार कुठून येतो यात आहे. आणि ती व्यवस्था १९३५ सालची आहे.

दोन खिसे

अमेरिकेत बेरोजगारी विमा म्हणजे काय ते आधी थोडक्यात. कंपनीनं तुमची चूक नसताना कामावरून काढलं, तर तुमच्या आधीच्या पगाराचा काही हिस्सा दर आठवड्याला मिळतो. बहुतेक राज्यांत जास्तीत जास्त २६ आठवडे, काही राज्यांत त्याहून कमी. किती द्यायचं, कोणाला द्यायचं हे प्रत्येक राज्य आपापलं ठरवतं.

यासाठी पैसा येतो मालकांकडून. दोन-तीन राज्यं सोडली तर कामगाराच्या पगारातून यासाठी काहीही कापलं जात नाही. पण मालक एक नाही, दोन टॅक्स भरतो, आणि इथेच खरी मेख आहे.

पहिला टॅक्स राज्याचा. हा पैसा वॉशिंग्टनच्या सरकारी तिजोरीत त्या राज्याच्या नावानं वेगळ्या खात्यात जमा होतो. कायदा असा की या खात्यातून फक्त भत्ता द्यायचा. क्लार्कचा पगार, फोनचं बिल, नवीन सॉफ्टवेअर, काहीही नाही. खात्यात अब्जावधी डॉलर पडून असले तरी त्यातून एक खुर्चीसुद्धा विकत घेता येत नाही.

दुसरा टॅक्स केंद्र सरकारचा, म्हणजे फेडरल. याचं नाव ‘फ्युटा’. ऑफिस चालवायचा खर्च यातून येतो. दर सहा टक्के आहे, पण ज्या राज्याचा कायदा केंद्राच्या निकषात बसतो तिथल्या मालकांना ५.४ टक्क्यांची सूट मिळते. उरतो ०.६ टक्का. तोही पूर्ण पगारावर नाही, वर्षाच्या पहिल्या ७,००० डॉलरवर. गणित सोपं आहे: माणशी वर्षाला ४२ डॉलर. आपल्या पैशांत साडेतीन-पावणेचार हजार रुपये.

भत्त्याचा पैसा वेगळा आणि कारभाराचा वेगळा, ही कल्पना आपल्याला नवीन नाही. आपल्या पीएफचंच बघा. तुमचे आणि कंपनीचे पैसे खात्यात जातात, आणि त्याशिवाय कंपनी पगाराच्या अर्धा टक्का ‘प्रशासकीय शुल्क’ म्हणून पीएफ ऑफिसला वेगळं भरते. १५,००० रुपये पगारावर महिन्याला ७५ रुपये. फरक इतकाच की पीएफचं शुल्क थेट पीएफ ऑफिसकडे जातं आणि पगाराची मर्यादा वाढली की तेही वाढतं. अमेरिकेत यातलं काहीच सरळ होत नाही.

टॅक्स लावला तर कारखाना पळेल

ही दुहेरी रचना कुणाच्या डोक्यातून आली, याचा किस्सा मजेशीर आहे.

१९३० च्या दशकात महामंदी आली तेव्हा अमेरिकेत बेरोजगारी भत्ता नावाची गोष्टच नव्हती. विस्कॉन्सिन या एकाच राज्यानं १९३२ मध्ये तसा कायदा केला. बाकीची राज्यं घाबरत होती. आपण मालकांवर टॅक्स लावला आणि शेजारच्या राज्यानं नाही लावला, तर कारखाना तिकडे जाणार. प्रत्येक जण दुसऱ्याची वाट बघत बसला होता.

विस्कॉन्सिनच्या कायद्यामागे जे लोक होते त्यात एक जोडपं होतं, पॉल राउशनबुश आणि एलिझाबेथ ब्रँडाइस. एलिझाबेथ अर्थशास्त्र शिकवायच्या आणि त्यांचे वडील लुईस ब्रँडाइस हे सुप्रीम कोर्टाचे न्यायाधीश होते. १९३३ मध्ये या सासऱ्यांनी लेकीला आणि जावयाला एक जुना खटला वाचायला सांगितला.

खटला फ्लोरिडाचा. १९२४ मध्ये फ्लोरिडानं वारसा करावर बंदीच घालून टाकली, म्हणजे देशभरातले म्हातारे श्रीमंत आपल्याकडे राहायला येतील. मग केंद्रानं डाव टाकला. केंद्राचा वारसा कर सगळ्यांना लागू, पण ज्यानं राज्याला वारसा कर भरलाय त्याला केंद्राच्या करात ८० टक्क्यांपर्यंत सूट. म्हणजे राज्यानं कर लावला काय, नाही लावला काय, माणसाच्या खिशातून जाणार तेवढेच. मग राज्य कशाला सोडेल? फ्लोरिडा कोर्टात गेली आणि १९२७ मध्ये हरली.

हाच डाव बेरोजगारी विम्याला लावायचा, ही ती कल्पना. १४ ऑगस्ट १९३५ ला राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी सोशल सिक्युरिटी कायद्यावर सही केली त्यात ती आली. केंद्राचा टॅक्स सगळ्या मालकांना लागू, राज्यानं स्वतःची योजना काढली तर ९० टक्के सूट. दोन वर्षांत एकूण एक राज्यानं कायदा केला. ॲलाबामातली एक कंपनी ४६ डॉलर १४ सेंट टॅक्स परत मागायला सुप्रीम कोर्टात गेली. १९३७ मध्ये ५ विरुद्ध ४ मतांनी ती हरली. त्या पाचांत ब्रँडाइस होते, हे वेगळं सांगायला नको!

आता उरलेल्या १० टक्क्यांचं काय करायचं? तो पैसा केंद्राकडे राहायचा आणि त्याच वेळी राज्यांच्या ऑफिसचा खर्च केंद्रानं अनुदान म्हणून द्यायचा, असं ठरलं. हेतू चांगला होता. राज्यांकडे तेव्हा पैसे नव्हते. शिवाय पैसा आपण दिला तर अटीही आपल्याच घालता येतात, हे वॉशिंग्टनला कळत होतं. कायद्यात अटच घातली की देय झालेला भत्ता पूर्ण आणि वेळेवर मिळेल असा कारभार असायला हवा. पुढे भरतीसुद्धा गुणवत्तेवर करा, वशिल्यावर नको, अशीही अट आली. कारभार नीट असावा म्हणूनच कारभाराचा खिसा वेगळा शिवला होता.

सात हजारावर अडकलेला काटा

मग बिघडलं कुठे? सगळ्यात आधी त्या ७,००० च्या आकड्यात.

१९३९ मध्ये ठरलं की टॅक्स पगाराच्या पहिल्या ३,००० डॉलरवर घ्यायचा. तेव्हा इतका पगार फार थोड्यांना असायचा, म्हणजे जवळपास सगळा पगार टॅक्सखाली येत होता. पेन्शनवाल्या सोशल सिक्युरिटी टॅक्सलाही हीच मर्यादा होती. दोघं भाऊ एकाच उंचीचे.

पुढे पेन्शनचा भाऊ वाढत गेला, कारण त्याची मर्यादा देशाच्या सरासरी पगाराला बांधली गेली. २०२५ मध्ये ती १,७६,१०० डॉलर होती. बेरोजगारीचा भाऊ मात्र तीनदाच वाढला: १९७२ मध्ये ४,२००, १९७८ मध्ये ६,००० आणि १९८३ मध्ये ७,०००. त्यानंतर एकदाही नाही.

१९८३ मध्ये ७,००० चा अर्थ होता. तेव्हा किमान वेतन तासाला ३.३५ डॉलर होतं, म्हणजे वर्षभर पूर्णवेळ काम करणारा सगळ्यात कमी पगाराचा माणूस ७,००० च्या आसपासच कमवायचा. आज ते ७,००० महागाईप्रमाणे वाढवले तर २२-२३ हजारांच्या घरात जातात. १९३९ मध्ये केंद्राच्या वाट्याला माणशी जास्तीत जास्त ९ डॉलर यायचे, जे आजच्या हिशेबानं २०० च्या आसपास होतात. आता येतात ४२.

यात आणखी एक अन्याय लपलाय, ज्याच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. मर्यादा प्रत्येक कर्मचाऱ्यामागे आहे. दोन लाख डॉलर पगाराच्या इंजिनिअरसाठी कंपनी वर्षाला ४२ डॉलर भरते. एखाद्या हॉटेलात एकाच वेटरच्या जागेवर वर्षभरात तीन जण येऊन गेले आणि प्रत्येकानं सात हजार कमावले, तर त्या एका जागेसाठी मालक १२६ डॉलर भरतो. म्हणजे कमी पगाराच्या, सतत माणसं बदलणाऱ्या धंद्यांवर ओझं जास्त आणि मोठ्या पगाराच्या कंपन्यांना हा टॅक्स दिसतसुद्धा नाही.

राज्यं त्यांच्या भत्त्याच्या टॅक्ससाठी ही मर्यादा वाढवू शकतात. वॉशिंग्टन राज्यात २०२५ मध्ये ती ७२,८०० डॉलर होती. कॅलिफोर्निया अजून ७,००० वरच. पण राज्यानं कितीही जास्त टॅक्स घेतला तरी तो पहिल्या खिशात जातो आणि त्या खिशातून ऑफिस चालवता येत नाही.

४२ डॉलरचा लांबचा प्रवास

बरं, हे ४२ डॉलर तरी पूर्ण पोहोचतात का? नाही.

त्यातले ८० टक्के कारभाराच्या खात्यात जातात. २० टक्के बाजूला काढले जातात, मंदीत भत्त्याची मुदत वाढवावी लागते त्यासाठी. शिवाय राज्यांच्या भत्त्याच्या खात्यात खडखडाट झाला तर त्यांना कर्ज देणारं एक खातं असतं, जादा शिल्लक तिकडे वळते. आणि कारभाराच्या खात्यातून फक्त बेरोजगारी ऑफिस चालत नाही. सरकारी रोजगार विनिमय केंद्रं, माजी सैनिकांना नोकरी शोधून देणारी योजना, टॅक्स वसुलीचा खर्च, हे सगळं त्यातूनच.

त्यानंतरही पैसा आपोआप राज्याला मिळत नाही. अमेरिकेच्या संसदेनं दर वर्षी खर्चाच्या विधेयकात तो मंजूर करावा लागतो. फ्युटातून वर्षाला साधारण ६-७ अब्ज डॉलर गोळा होतात आणि राज्यांच्या बेरोजगारी ऑफिसांना कोरोनाआधीच्या वर्षांत मिळत होते अडीच अब्जांच्या आसपास. मालकांच्या संघटना म्हणतात की आमच्याकडून या कामासाठी घेतलेला पैसा या कामाला पूर्ण देतच नाहीत, आणि त्यात तथ्य आहे. १९६० च्या दशकाच्या शेवटापासून असली खाती केंद्राच्या एकूण अर्थसंकल्पात मोजली जातात. खात्यात पैसा पडून राहिला की कागदावर सरकारची तूट तेवढी कमी दिसते. खर्च केला की वाढते. मग मोकळ्या हातानं कोण देईल?

मंजूर झालेला पैसा पन्नास राज्यांत वाटायचा कसा, याचं सूत्र कामावर आधारलेलं आहे. एक नवा अर्ज घ्यायला किती मिनिटं लागतात, वाद निघाला तर निकाल द्यायला किती, अपिलाला किती, याचा प्रत्येक राज्याचा हिशेब असतो. अर्ज गुणिले मिनिटं, त्यावरून माणसं, त्यावरून पैसा.

ऐकायला एकदम शास्त्रशुद्ध. पण यात एक मोठी चूक आहे. काम कमी तर पैसा कमी. देशात नोकऱ्या भरपूर असतात तेव्हा अर्ज घटतात, अनुदान घटतं, ऑफिसं माणसं कमी करतात. २०२० च्या सुरुवातीला अमेरिकेत बेरोजगारी पन्नास वर्षांतल्या नीचांकावर होती. म्हणजे ही ऑफिसं तेव्हा सगळ्यात रोडावलेली होती. आणि नेमकी तेव्हाच लाट आली.

अर्ज वाढले तर जास्तीचा पैसा देण्याची सोय आहे. खर्चाच्या विधेयकात वर्षानुवर्षं एक वाक्य असतं: भत्ता घेणाऱ्यांची आठवड्याची सरासरी ठरलेल्या आकड्याच्या वर जाईल असा अंदाज असेल, तर वरच्या दर एक लाख लोकांमागे २ कोटी ८६ लाख डॉलर जादा. म्हणजे माणशी २८६ डॉलर. पण हा पैसा येतो काम वाढल्यावर. अर्ज तपासून कोण पात्र, कोण नाही हे ठरवणारा माणूस तयार व्हायला महिने लागतात. आग लागल्यावर अग्निशमन दलाची भरती काढायची, तसला प्रकार.

नवीन कॉम्प्युटर सिस्टिमसाठी तर या सूत्रात जागाच नाही. मिनिटांच्या हिशेबात रोजचं काम बसतं, दहा वर्षांतून एकदा करायचा मोठा खर्च बसत नाही. त्यासाठी राज्यांना कधीतरी मिळणाऱ्या खास अनुदानाची वाट बघावी लागते. १९५४ च्या रीड कायद्यानुसार केंद्राची खाती ओसंडून वाहिली तर जादा पैसा राज्यांना वाटता येतो आणि तो कारभारावर वापरता येतो. मार्च २००२ मध्ये एका विशेष कायद्यानं असे ८ अब्ज डॉलर एकदम वाटले. बऱ्याच राज्यांनी त्यातला मोठा हिस्सा भत्त्याच्याच खात्यात ठेवून दिला, म्हणजे मालकांचा टॅक्स वाढवावा लागला नाही. मशीन तिथेच राहिली.

मिशिगन: माणसं कमी केली, मशीन नेमलं

पैसा कमी असेल तर माणसांऐवजी सॉफ्टवेअर लावा, हा सल्ला आज प्रत्येक जण देतो. मिशिगन राज्यानं तो ऐकला होता.

ऑक्टोबर २०१३ मध्ये तिथे ‘मिडास’ नावाची सिस्टिम सुरू झाली. तिचं एक काम होतं फसवणूक पकडणं. माणसाच्या अर्जातली माहिती आणि मालकानं दिलेली माहिती जुळली नाही की सिस्टिम प्रश्न पाठवायची. बऱ्याचदा हे प्रश्न अशा ऑनलाइन खात्यात जायचे जे त्या माणसानं कित्येक महिन्यांत उघडलेलं नसायचं. उत्तर आलं नाही की शिक्का बसला: फसवणूक. घेतलेला भत्ता परत करा, वर त्याच्या चौपट दंड, वर व्याज. पगारातून वसुली, इन्कम टॅक्सचा परतावा जप्त. बऱ्याच प्रकरणांत कोणाही माणसानं फाइल बघितलेली नव्हती.

ऑगस्ट २०१५ पर्यंत सुमारे ४०,००० लोकांवर असा शिक्का बसला. नंतर राज्यानं स्वतःच तपासणी केली. ज्या प्रकरणांचा निकाल पूर्णपणे मशीननं दिला होता अशी २२,४२७ प्रकरणं उघडली, त्यातली ९३ टक्के चुकीची निघाली. ९३ टक्के! नाणं उडवून निर्णय घेतला असता तरी बरा लागला असता. काहींचं दिवाळं निघालं, काहींना नवी नोकरी मिळेना. लोक कोर्टात गेले आणि २०२२ मध्ये राज्यानं २ कोटी डॉलर द्यायचं मान्य केलं.

इथे पैशाच्या रचनेकडे पुन्हा बघा. भत्त्याच्या खात्यातून ऑफिस चालवता येत नाही, पण दंड आणि व्याजातून आलेला बराचसा पैसा राज्याला कारभारावर वापरता येतो. मिशिगनच्या या दंडाच्या फंडात त्या काळात कोट्यवधी डॉलर जमा झाले. हे ठरवून केलं असं कुणी सिद्ध केलेलं नाही. पण ज्या ऑफिसला मोकळा पैसा मिळण्याचा एक मार्ग दंड हाच आहे, त्या ऑफिसच्या हातात दंड ठोकणारं मशीन द्यावं का, हा प्रश्न कुणीतरी आधीच विचारायला हवा होता.

सगळ्यांना सरसकट ६०० डॉलर का दिले?

कोरोनात अमेरिकेनं बेरोजगारांना राज्याच्या भत्त्यावर आठवड्याला ६०० डॉलर जादा दिले, ही बातमी तेव्हा आपल्याकडेही खूप फिरली होती. यात निम्म्याहून जास्त लोकांना नोकरीत मिळायचे त्यापेक्षा जास्त पैसे घरी बसून मिळत होते. त्यावरून तिकडे मोठं राजकारण झालं. लोक आळशी होतील वगैरे.

पण सरसकट रक्कम का ठरवली? प्रत्येकाला त्याच्या पगाराएवढंच द्या, हा पर्याय चर्चेत होता. कामगार मंत्री युजीन स्कालिया यांनी संसदेला सांगितलं की राज्यांच्या जुन्या सिस्टिमना ते गणित करायला जमणार नाही. जुन्या मशीनला एकच गोष्ट पटकन जमत होती, सगळ्यांच्या रकमेत एकच आकडा मिळवणं. गेलेला सरासरी पगार आणि सरासरी भत्ता यातला फरक निघाला ६०० च्या आसपास. म्हणजे ऑफिसांवर वेळेत खर्च न केल्यामुळे देशाला कितीतरी पटीनं महाग धोरण निवडावं लागलं.

आणि तरीही पैसे वेळेवर पोहोचले नाहीत. केंद्राचा नियम असा की निदान ८७ टक्के लोकांना पहिला भत्ता दोन ते तीन आठवड्यांत मिळाला पाहिजे. २०२० मध्ये देशभरात लाखो लोक महिना-महिना थांबले. भाडं थकलं, फूड बँकेबाहेर गाड्यांच्या रांगा लागल्या.

दुसरीकडे चोरांची मजा झाली. रिक्षा-टॅक्सीसारखं ॲपवर काम करणारे, स्वतःचा धंदा असणारे यांच्यासाठी पहिल्यांदाच भत्ता सुरू झाला, आणि सुरुवातीला त्यांनी स्वतः लिहून दिलेलं खरं मानायचं होतं. तपासायला माणसंच नव्हती. चोरीच्या नावांनी, तुरुंगातल्या कैद्यांच्या नावांनी, मेलेल्यांच्या नावांनीही अर्ज आले. अमेरिकेच्या संसदेसाठी सरकारी कारभार तपासणाऱ्या संस्थेनं २०२३ मध्ये अंदाज दिला: कोरोनाकाळात बेरोजगारी भत्त्यात १०० ते १३५ अब्ज डॉलरची फसवणूक झाली. वर्षाला अडीच-तीन अब्जांचं ऑफिस, आणि तिथून शंभर अब्ज गेले.

मग दुरुस्ती झाली का?

झाली आणि थांबली. मार्च २०२१ मध्ये संसदेनं बेरोजगारी ऑफिसं सुधारायला २ अब्ज डॉलर मंजूर केले. या कामासाठी इतका पैसा क्वचितच मिळाला होता. २०२३ मध्ये सरकारच्या कर्जाच्या मर्यादेवरून सत्ताधारी आणि विरोधक भांडले, तडजोड झाली आणि त्या तडजोडीत यातला १ अब्ज परत काढून घेतला. दरम्यान २०२२ मध्ये त्याच तपासणी संस्थेनं बेरोजगारी विम्याचं नाव ‘धोकादायक’ यादीत टाकलं होतं.

७,००० ची मर्यादा वाढवा आणि पगारवाढीला बांधा, ही सूचना अनेकदा आली. तिला विरोध करायला कारणं सापडतात. रिपब्लिकनांना टॅक्सवाढ नको. छोटे मालक म्हणतात आधी घेतलेला पैसा तरी नीट द्या. मोठ्या राज्यांची तक्रार अशी की त्यांचे मालक भरतात त्यापेक्षा कमी अनुदान त्यांना परत येतं आणि छोट्या राज्यांना भरल्यापेक्षा जास्त मिळतं. छोट्या राज्यांचं म्हणणं, दहा लाख लोकांचं राज्य असो की चार कोटींचं, एक सिस्टिम तर दोघांनाही लागतेच. दोन्ही बाजू आपापल्या जागी बरोबर आहेत. मतदारांचं मात्र याकडे लक्ष नसतं. बेरोजगारी ऑफिसच्या सर्व्हरवर अजून तरी कुणी निवडणूक जिंकलेली नाही.

तिकडे नोकरी करणाऱ्या मराठी लोकांचा यात काय संबंध?

पुण्या-मुंबईतून एच-१बी व्हिसावर गेलेल्या इंजिनिअरच्या पगारावरही कंपनी हे ४२ डॉलर आणि राज्याचा टॅक्स भरते. पगाराच्या स्लिपवर ते दिसत नाही, कारण कापलेलं काहीच नसतं. पण त्याच माणसाची नोकरी गेली तर भत्ता बहुतेक वेळा मिळत नाही. अट अशी असते की तुम्ही लगेच कोणतंही योग्य काम स्वीकारायला मोकळे असले पाहिजे, आणि एच-१बी वाला नवीन कंपनीनं व्हिसाचे कागद केल्याशिवाय काम करू शकत नाही. त्याच्याकडे देशात राहायला जास्तीत जास्त ६० दिवस असतात. ग्रीन कार्ड असलेल्यांना मात्र इतरांसारखाच हक्क आहे.

शिक्षण संपवून ओपीटीवर नोकरी करणाऱ्या एफ-१ विद्यार्थ्यांचा प्रकार वेगळा. ते टॅक्सच्या भाषेत ‘अनिवासी’ असेपर्यंत, म्हणजे साधारण पहिली पाच वर्षं, त्यांच्या पगारावर कंपनीला फ्युटा भरावाच लागत नाही.

कॅलिफोर्नियात कंपनी चालवणाऱ्या मराठी उद्योजकांना आणखी एक गोष्ट जाणवली असेल. राज्यानं कोरोनात भत्ते द्यायला केंद्राकडून काढलेलं कर्ज फेडलेलं नाही, बाकी २० अब्ज डॉलरच्या आसपास आहे. कर्ज थकलं की त्या राज्यातल्या मालकांची ५.४ टक्क्यांची सूट दर वर्षी ०.३ टक्क्यानं घटत जाते. त्यामुळे २०२४ सालासाठी तिथे माणशी ४२ ऐवजी १०५ डॉलर भरावे लागले. वरचे ६३ डॉलर कर्जात वळते होतात. ऑफिसच्या वाट्याला त्यातलं काही येत नाही.